न्यूझीलंडच्या दोन कौन्सिल: एकीकडे नळ, दुसरीकडे नदी

ऑकलंडहून हॅमिल्टनला बिऱ्हाड हलवून घर घेतलेल्या मराठी माणसाला पहिल्या वर्षी हमखास पडणारा प्रश्न म्हणजे, घरपट्टीची दोन बिलं का? एक हॅमिल्टन सिटी कौन्सिलचं, म्हणजे शहराच्या पालिकेचं असतं, दुसरं वायकाटो रिजनल कौन्सिलचं, म्हणजे आजूबाजूच्या अख्ख्या प्रदेशाच्या कौन्सिलचं. ऑकलंडमध्ये २०१० पासून सगळा कारभार एकाच ऑकलंड कौन्सिलकडे आहे, त्यामुळे तिथे राहून हा फरक कधी कळतच नाही. वेलिंग्टनमध्ये कौन्सिल दोन, पण पट्टी एकाच बिलात येते. म्हणजे तिथे गोंधळ फक्त झाकलेला राहतो.

आपल्या डोक्यात लगेच जिल्हा परिषद वर आणि पंचायत समिती खाली अशी उतरंड उभी राहते. ती इथे लावू नका. रिजनल कौन्सिल ही सिटी किंवा डिस्ट्रिक्ट कौन्सिलची वरिष्ठ नाही. दोन्हींचे सदस्य लोक वेगवेगळे निवडून देतात, तेही दर तीन वर्षांनी एकाच वेळी, टपालाने आलेल्या मतपत्रिकांवर. देशात ११ रिजनल कौन्सिल आहेत, ६१ सिटी आणि डिस्ट्रिक्ट कौन्सिल आहेत, आणि ऑकलंड, नेल्सन, गिझबर्न अशा सहा ठिकाणी दोन्ही कामं एकीकडेच आहेत.

खरा फरक हद्दीत दिसतो. १९८९ मध्ये स्थानिक कारभाराची मोठी फेररचना झाली, तेव्हा रिजनल कौन्सिलच्या सीमा बहुतांशी नद्यांच्या खोऱ्यांवरून आखल्या. पाणलोट जिथे संपतो तिथे कौन्सिल संपते. सिटी आणि डिस्ट्रिक्ट कौन्सिलच्या हद्दी मात्र वस्ती पाहून ठरल्या. म्हणून टाउपो नावाचा एकच डिस्ट्रिक्ट चार रिजनल कौन्सिलमध्ये विभागलेला आहे. नकाशावर हे विचित्र दिसतं, पण टेकडीच्या कोणत्या उतारावरचं पाणी कोणत्या नदीला मिळतं हे पाहिलं की लगेच पटतं.

कामांची वाटणी १९९१ च्या संसाधन व्यवस्थापन कायद्याने आणि इतर काही कायद्यांनी केली. नद्या, तळी, भूजल, हवा, मातीची धूप आणि किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंतचा समुद्र रिजनल कौन्सिलकडे. पूरसंरक्षणाचे बांध आणि उपद्रवी प्राणी-वनस्पतींचा बंदोबस्तही तिच्याकडेच. घराचं बांधकाम, प्लॉट पाडणं, नळ, गटारं, कचरा, गोंगाट आणि कुत्र्यांची नोंदणी सिटी किंवा डिस्ट्रिक्ट कौन्सिलकडे.

यादी पाठ करून उपयोग नाही, कारण रोजच्या आयुष्यात दोन्ही एकाच वस्तूला दोन बाजूंनी धरतात. क्राइस्टचर्चमध्ये घरात लाकडाची शेगडी बसवायची आहे असं समजा. शेगडी बसवण्याची बांधकाम परवानगी सिटी कौन्सिल देते. पण ती शेगडी किती धूर सोडू शकते, मुळात त्या भागात चालेल की नाही, हे रिजनल कौन्सिलच्या हवेच्या नियमांवर ठरतं, कारण हिवाळ्यात त्या शहरावर धूर साचून राहतो. एकीने पाहायचं घर पेटणार नाही ना, दुसरीने पाहायचं शेजाऱ्याचा श्वास कोंडणार नाही ना. बसची तर आणखी गंमत आहे: बस रिजनल कौन्सिलची, बसथांबा सिटी कौन्सिलचा.

मला या व्यवस्थेतली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट वेगळीच वाटते. शहराचं सांडपाणी शुद्ध करून नदीत सोडायचं असेल, तर सिटी कौन्सिललाही रिजनल कौन्सिलकडे परवान्यासाठी अर्ज करावा लागतो. नदीतून किंवा बोअरमधून पिण्याचं पाणी उचलायचं असेल तरी तेच. सरकारच्या एका हाताने दुसऱ्या हाताचा परवाना तपासायचा, अटी घालायच्या, मोडल्या तर दंडही करायचा. महाराष्ट्रात महापालिकेच्या सांडपाण्यावर नजर ठेवणं हे १९७० साली स्थापन झालेल्या प्रदूषण नियंत्रण मंडळाचं काम. पण त्या मंडळावर कोण बसणार, हे आपण मत देऊन ठरवत नाही. इथे नदीवर नजर ठेवणाऱ्यांना लोक निवडून देतात, आणि त्यासाठी वेगळी पट्टीही भरतात.

हे कधी छान चालतं. टाउपो तलावात आजूबाजूच्या गुरांच्या कुरणांमधून नायट्रोजन झिरपत होता आणि पाण्याची पारदर्शकता धोक्यात आली होती. वायकाटो रिजनल कौन्सिलने नियम केला: तलावाच्या पाणलोटातल्या प्रत्येक शेताला नायट्रोजनची कमाल मर्यादा. शिवाय माणसाच्या कामांमुळे तलावात जाणारा नायट्रोजन २० टक्क्यांनी कमी करायचा म्हणून केंद्र सरकार, रिजनल कौन्सिल आणि टाउपो डिस्ट्रिक्ट कौन्सिल यांनी मिळून सुमारे ८ कोटी डॉलरचा निधी उभारला. शेतकऱ्यांची कुरकुर भरपूर झाली, प्रकरण पर्यावरण न्यायालयापर्यंत गेलं, पण मर्यादा टिकली.

आणि कधी दोघींच्या मधल्या फटीत माणसं सापडतात. हॉक्स बे हा सफरचंदांचा प्रांत. तिथे हॅवलॉक नॉर्थ नावाचं सुमारे १४ हजार वस्तीचं गाव आहे. गावाला हेस्टिंग्ज डिस्ट्रिक्ट कौन्सिल ब्रुकव्हेल रोडवरच्या बोअरचं पाणी पुरवायची, तेही क्लोरीन न घालता, कारण जमिनीखालचं पाणी शुद्ध असतं असा सगळ्यांचाच समज. ऑगस्ट २०१६ मध्ये मुसळधार पाऊस झाला. कुरणातल्या मेंढ्यांच्या लेंड्या वाहून जवळच्या तळ्यात गेल्या, तळ्यातलं पाणी भूजलात उतरलं आणि बोअरने ते उपसून थेट नळाला दिलं. कॅम्पिलोबॅक्टर या जंतूमुळे जुलाब-उलट्यांची अशी साथ पसरली की सुरुवातीच्या अंदाजानुसारच साडेपाच हजारांच्या आसपास लोक आजारी पडले. चार मृत्यूंचा संबंध या साथीशी जोडला गेला.

आता सांगा, जबाबदार कोण? नळ डिस्ट्रिक्ट कौन्सिलचा, भूजल हॉक्स बे रिजनल कौन्सिलचं. सरकारने नेमलेल्या चौकशीने दोघींनाही धारेवर धरलं. डिस्ट्रिक्ट कौन्सिलने बोअरची तोंडं आणि देखभाल नीट सांभाळली नव्हती. रिजनल कौन्सिलने पाणी उचलण्याचा परवाना दिला खरा, पण तिथल्या भूजलाला धोका कुठून आहे हे पुरेसं पाहिलंच नव्हतं. सगळ्यात झोंबणारा निष्कर्ष म्हणजे दोघींमध्ये धड संवादच नव्हता. साथीनंतर रिजनल कौन्सिलने परवान्याच्या अटी मोडल्या म्हणून डिस्ट्रिक्ट कौन्सिलवर खटला भरला आणि मग मागेही घेतला. पिण्याच्या पाण्यावर देखरेख करायला पुढे २०२१ मध्ये टाउमाटा आरोवाई ही स्वतंत्र राष्ट्रीय संस्था आली.

तक्रार कुठे करायची, याचं व्यवहारी उत्तर त्यामुळे असं: नळाला गढूळ पाणी आलं तर सिटी किंवा डिस्ट्रिक्ट कौन्सिल. ओढ्यात फेस दिसला, मासे मेले, कुणी डेअरी फार्मचं शेणपाणी नदीत सोडतंय असं वाटलं तर रिजनल कौन्सिल. तिथे प्रदूषणाची तक्रार घ्यायला चोवीस तास फोन चालू असतो. शेजारच्या घरी रात्री दोनला गाणी वाजताहेत? सिटी कौन्सिल.

ही वाटणी किती काळ टिकेल हा प्रश्नच आहे. २०२५ च्या अखेरीस तिथल्या सरकारने रिजनल कौन्सिलचे निवडून आलेले सदस्य हटवून त्यांच्या जागी त्या भागातल्या महापौरांचं मंडळ बसवायचा प्रस्ताव मांडला. खर्च वाचेल, दोन-दोन दारं ठोठवावी लागणार नाहीत, हे खरं. पण सांडपाण्याचा परवाना मागणाऱ्या कौन्सिलांचे महापौरच उद्या परवाना देणाऱ्या टेबलावर बसतील, आणि नदीच्या बाजूने नकार द्यायचं काम त्यांच्यापैकी कोण करणार, हे मला तरी त्या प्रस्तावात दिसलेलं नाही.