नाटकाचं सेन्सॉर (महाराष्ट्र)

महाराष्ट्रात नाटक, एकांकिका, वग, लोकनाट्य असं काहीही लोकांसमोर करायचं असेल तर त्याची संहिता आधी सरकारी मंडळाला वाचायला द्यावी लागते आणि ते पास झाल्याशिवाय प्रयोग लावता येत नाही, या पद्धतीला नाटकाचं सेन्सॉर म्हणतात. कागदावर त्याचं नाव रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळ, पण तालमीच्या हॉलमध्ये हे नाव कुणी घेत नाही, तिथे 'सेन्सॉर झालं का' आणि 'सर्टिफिकेट आलं का' एवढंच विचारतात. सिनेमाचं सेन्सॉर केंद्राकडे असतं आणि नाटकाचं राज्याकडे, कारण राज्यघटनेत नाट्यप्रयोग हा विषय राज्यांच्या यादीत आहे. त्यामुळे देशभर सगळीकडे अशी सक्ती नाही, महाराष्ट्रात आहे आणि जुन्या मुंबई राज्यातून वेगळ्या झालेल्या गुजरातमध्येही असं मंडळ आहे.

याचं मूळ शोधत गेलं तर आपण कलकत्त्याला पोचतो, आणि तिथे जे घडलं ते थेट विडंबनाशीच जोडलेलं आहे. १८७५-७६ च्या हिवाळ्यात प्रिन्स ऑफ वेल्स कलकत्त्याला आले होते, तेव्हा जगदानंद मुखर्जी नावाच्या सरकारी वकिलांनी त्यांना आपल्या घरातल्या बायकांच्या दालनात नेऊन स्वागत केलं. शहरभर चर्चा झाली, आणि फेब्रुवारी १८७६ मध्ये ग्रेट नॅशनल थिएटरने त्यावर 'गजदानंद ओ युवराज' नावाचा फार्स लावला. पोलिसांनी बंद पाडला तर मंडळींनी नाव बदलून परत लावला, मग पोलिसांचीच टर उडवणारं 'द पोलिस ऑफ पिग अँड शीप' आणलं, कारण पोलिस कमिशनरचं नाव हॉग (म्हणजे डुक्कर) आणि सुपरिंटेंडेंटचं नाव लॅम्ब (म्हणजे कोकरू). व्हाइसरॉय लॉर्ड नॉर्थब्रूकने २९ फेब्रुवारीला वटहुकूम काढला आणि वर्ष संपायच्या आत नाट्यप्रयोग नियंत्रण कायदा झाला. त्याआधी 'नीलदर्पण' या बंगाली नाटकामुळे निळीचे मळेवाले चिडलेले होतेच, पण कायद्याला निमित्त झालं ते राजपुत्राची आणि पोलिसांची खिल्ली उडवल्याचं, हे लक्षात ठेवायला हवं, कारण नंतरच्या दीडशे वर्षांत सत्तेला सगळ्यात जास्त झोंबलंय ते हसणंच.

मराठी रंगभूमीवर या दडपशाहीचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण म्हणजे कृ. प्र. खाडिलकरांचं 'कीचकवध'. १९०७ साली रंगभूमीवर आलं. गोष्ट महाभारतातली, पण प्रेक्षकांना कीचकात लॉर्ड कर्झन दिसत होता, द्रौपदीत भारतमाता, युधिष्ठिरात मवाळ आणि भीमात जहाल, आणि हे कुणी समजावून सांगायची गरज नव्हती कारण खाडिलकर टिळकांच्या 'केसरी'तले. १९१० साली सरकारने बंदी घातली. संहितेत कर्झनचं नाव कुठेच नाही, म्हणजे बंदी घातली ती प्रेक्षकांच्या मनात जुळणाऱ्या अर्थावर, आणि तो अर्थ काही कात्रीने कापता येत नाही. माझ्या मते नाटकाच्या सेन्सॉरचा सगळा प्रश्न या एका उदाहरणात आलेला आहे.

स्वातंत्र्यानंतर ही चौकट जायला हवी होती, तसं झालं नाही. १९५१ च्या मुंबई पोलिस कायद्यातल्या कलम ३३ ने करमणुकीच्या जागा आणि कार्यक्रम यांच्यासाठी नियम करायचा अधिकार पोलिसांना दिला, त्याच आधाराने १९५४ मध्ये परिनिरीक्षण मंडळ उभं राहिलं, आणि १९६० च्या नियमांमध्ये तर मेळे आणि तमाशे यांचाही स्पष्ट उल्लेख आहे. म्हणजे मुळात ही कायदा-सुव्यवस्थेची तरतूद, थिएटरला दरवाजे किती आणि लायसन्स कुणाचं याच्या शेजारीच 'नाटकात काय बोलायचं' हेही येऊन बसलं. वाचणारे लोक साहित्य-नाटकातले असतात, काही जण खरोखर समजूतदार असतात, पण म्हणून आधी परवानगी मागायला लावणं योग्य ठरत नाही.

तमाशाचं तर आणखी अवघड. वगातली बतावणी ही लिहून काढायची गोष्टच नाही, गावात कालच काय झालं, पाटील कुठे अडकला, तहसीलदार काय बोलला हे ऐकून सोंगाड्या रात्री स्टेजवर उभ्या उभ्या जोडतो आणि लोक हसून लोळतात. वसंत सबनिसांच्या 'विच्छा माझी पुरी करा'मध्ये दादा कोंडके प्रत्येक प्रयोगात ताज्या राजकारणावर नवीन काहीतरी घालायचे, तीच त्या नाटकाची जान होती. आता यातलं पास काय करणार? मंडळापुढे जातो कागद आणि उपहास असतो नटाच्या जिभेवर, त्याच्या थांबण्यात, भुवई उडवण्यात. संहितेबाहेरचं बोललं की नियम मोडला असं धरायचं तर अख्खी लोकनाट्याची परंपराच गुन्हेगार ठरते. अण्णाभाऊ साठे, अमर शेख, गवाणकर यांच्या लाल बावटा कलापथकाने याच बाजाने कामगारांचे आणि पुढे संयुक्त महाराष्ट्राचे प्रश्न मांडले, तर मुंबई सरकारने त्यांच्या कार्यक्रमांवर बंदी आणली होती.

सत्तरच्या सुमाराला विजय तेंडुलकरांची नाटकं लागोपाठ अडकली. १९७० साली डॉ. श्रीराम लागूंनी 'गिधाडे' केलं तेव्हा साडीवरच्या रक्ताच्या लाल डागावर सेन्सॉरने हरकत घेतली. १९७२ साली 'सखाराम बाइंडर' आलं, निळू फुले आणि लालन सारंग त्यात होते, दिग्दर्शक कमलाकर सारंग. काही प्रयोग झाल्यावर मंडळाने कट मागितले, परवानगी अडवली, आणि सारंग थेट मुंबई उच्च न्यायालयात गेले आणि जिंकले. ते नुसतं जिंकणं नव्हतं, दरम्यान प्रयोग थांबलेले, पैसे अडकलेले, बाहेर निदर्शनं, आणि हे सगळं त्यांनी 'बाइंडरचे दिवस' या पुस्तकात लिहून ठेवलंय, नाटक करणाऱ्या प्रत्येकाने वाचावं असं मला मनापासून वाटतं. त्याच वर्षी १६ डिसेंबरला पुण्यात 'घाशीराम कोतवाल' झालं. तिथे मात्र सेन्सॉरपेक्षा वेगळाच दबाव आला, नाना फडणविसांची आणि ब्राह्मणांची बदनामी केली म्हणून गदारोळ झाला आणि १९ प्रयोगांनंतर ते करणाऱ्या प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशन या संस्थेच्या अध्यक्षांनीच, म्हणजे भालबा केळकरांनी, नाटक थांबवलं. मग दिग्दर्शक जब्बार पटेल आणि बाकी मंडळी बाहेर पडली, थिएटर अकॅडमी काढली आणि नाटक पुन्हा उभं केलं.

इथेच सर्टिफिकेटची खरी किंमत कळते. सरकार म्हणतं आम्ही आधी तपासतो म्हणजे नंतर वाद होत नाहीत, पण अनुभव उलटा आहे. 'मी नथुराम गोडसे बोलतोय' १९९८ मध्ये मंडळाने पास केलेलं होतं, तरी सरकारने बंदी घातलीच आणि २००१ मध्ये ती न्यायालयात उठली. ते नाटक मला पटत नाही, तरीही न्यायालयाचं म्हणणं बरोबर होतं असंच मी म्हणेन. आणि झुंड तर सर्टिफिकेट बघतही नाही. मार्च २०२५ मध्ये स्टँडअप कॉमेडियन कुणाल कामराच्या एकनाथ शिंद्यांवरच्या विडंबनगीतानंतर शिवसैनिकांनी मुंबईत खारच्या हॅबिटॅट स्टुडिओची तोडफोड केली. ज्या कलावंताला संरक्षण हवं त्याला द्यायचं नाही आणि प्रयोगाच्या आधी मात्र त्याच्याकडून अर्ज भरून घ्यायचा, हे उफराटं आहे. सगळ्यात मोठं नुकसान तर कुठल्याच फाइलीत दिसत नाही, कॉलेजातला पोरगा एकांकिका लिहितानाच 'हे पास होणार नाही' म्हणून वाक्य खोडतो, ते खोडलेलं वाक्य कुणाला कधी कळतच नाही.

कायद्याच्या बाजूने बघायचं तर १९७० साली सिनेदिग्दर्शक के. ए. अब्बास यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सिनेमाचं पूर्वपरीक्षण मान्य केलं, पण त्यात एक मुख्य कारण हे दिलं की सिनेमाचा परिणाम इतर कलांपेक्षा जास्त होतो. मग तोच निकष लावून नाटकाला सूट का नाही? २०१६ मध्ये अमोल पालेकरांनी या पूर्वपरीक्षणाच्या नियमांनाच उच्च न्यायालयात आव्हान दिलं. दरम्यान १८७६ चा तो इंग्रजी कायदा संसदेने जुने कायदे रद्द करण्याच्या मोहिमेत काढून टाकला, पण महाराष्ट्रातली सक्ती पोलिस कायद्याखालच्या राज्याच्या नियमांवर उभी असल्यामुळे तिला त्याने काहीच धक्का लागला नाही.