बायज्यूचे घरगुती उपयोग

बायज्यू हे चीनमधील धान्यापासून गाळलेले पारदर्शक, कडक मद्य. ते मुख्यतः ज्वारीपासून बनते; काही प्रकारांत तांदूळ, गहू, मका हेही असतात. आपल्याकडे जिची भाकरी होते, तीच ही ज्वारी, फक्त वाण वेगळे. बहुतेक बायज्यूत मद्यार्काचे प्रमाण ३८ ते ६५ टक्के असते. मेजवानीतील माओताय ५३ टक्क्यांचे, तर पेइचिंगचे स्वस्त अर्क्वोतौ बरेचदा ५६ टक्क्यांचे. घरकामाला अर्थातच स्वस्त किंवा सुटे बायज्यू वापरतात.

त्याचे खरे कर्तृत्व दिसते ते साठवणीच्या पदार्थांत. सिच्वान प्रांतात भाज्या मिठाच्या पाण्यात आंबवून ‘पाओत्साय’ करतात. त्यासाठीच्या मातीच्या बरणीच्या गळ्याभोवती पन्हळ असते. पन्हळीत पाणी भरून वर वाडगा उपडा घातला, की आतला वायू बुडबुड्यांनी बाहेर पडतो आणि बाहेरची हवा आत शिरत नाही. खारवणात आले, मिरची, सिच्वानी मिरे (आपल्या तिरफळाचे जवळचे नातलग) यांच्याबरोबर थोडे बायज्यू घालतात. बरणी वारंवार उघडली, की पाण्यावर पांढरी साय धरते. ती हवेवर वाढणाऱ्या यीस्टची असते. साय काढून वरून चमचाभर बायज्यू सोडणे हा तिथला नेहमीचा इलाज. मद्यार्कामुळे यीस्टची वाढ रोखली जाते, आणि प्रमाण बेताचे असल्याने खाली आंबट चव आणणारे जीवाणू तगून राहतात. हेच खारवण मुरवण म्हणून वर्षानुवर्षे वापरणारी घरे आहेत.

बदकाची खारवलेली अंडी करण्याची एक रीत याहून सोपी आहे: धुऊन कोरडी केलेली अंडी बायज्यूत बुडवायची, मिठात घोळवायची आणि महिनाभर घट्ट बंद ठेवायची. ओल्या कवचाला मीठ चिकटते. बलक केशरी आणि तेलकट होतो, त्याचे श्रेय घरोघरी बायज्यूलाच देतात. मिठाचा वाटा मात्र त्यात मोठा आहे. ‘फूरू’ या आंबवलेल्या टोफूतही, बुरशी आलेले तुकडे बायज्यूत बुडवून मीठ-मिरचीत घोळवतात. इथे मद्यार्क नासणे थांबवतो आणि मुरताना सुगंधी द्रव्ये तयार होण्यास मदत करतो. मद्यात मुरवलेल्या कच्च्या खेकड्यांच्या बाबतीत मात्र मद्यार्कावरचा हा विश्वास फसवा ठरतो. खेकड्यांत असू शकणाऱ्या, माणसाच्या फुप्फुसात वाढणाऱ्या पर्णकृमी या परजीवीच्या अळ्या अशा मुरवणीने खात्रीने मरत नाहीत.

औषधी मद्य, म्हणजे ‘याओज्यू’, ही दुसरी मोठी परंपरा. जिनसेंग, गोजी बेरी, बोरे कडक बायज्यूत महिनोन्‌महिने भिजत ठेवतात. मद्यार्क आणि पाणी यांच्या मिश्रणात नुसत्या पाण्यात न उतरणारी द्रव्येही उतरतात, म्हणून इथे कडकपणाला महत्त्व. आयुर्वेदातील आसव-अरिष्टांपेक्षा ही रीत वेगळी आहे. त्यांत मद्यार्क औषधाबरोबरच आंबून तयार होतो. सोळाव्या शतकातील वैद्य ली शिचन यांच्या औषधिकोशात औषधी मद्यांचे अनेक पाठ आहेत. पण जे गुणकारी ते उतरते, तसे विषही उतरते. सांधेदुखीवर बचनागाच्या जातीची मुळे घालून घरी केलेल्या मद्याने चीनमध्ये माणसे दगावली आहेत. तुआनवू सणाला मनशीळ घातलेले मद्य पिण्याची आणि त्याने मुलांच्या कपाळावर अक्षर रेखण्याची जुनी चाल आहे. मनशीळ हे आर्सेनिकचे संयुग असल्याने ते पिणे धोक्याचेच.

मुका मार लागला, की कोमट बायज्यू चोळतात. चोळण्याने आणि उबेने बरे वाटते, तेवढे खरे. तापलेल्या लहान मुलाचे अंग बायज्यूने पुसण्याची सवय मात्र सोडायलाच हवी. मद्यार्क त्वचेतून आणि श्वासातून शरीरात जातो, आणि बाळांना त्याची विषबाधा होऊ शकते.

काचेवरचे डाग, लेबलांचा चिकटा, फळीवरचा वास यांसाठीही बायज्यू चालते. निर्जंतुकीकरणाला मात्र ते पुरत नाही. त्यासाठी चीनमध्ये ७५ टक्क्यांचा मद्यार्क वापरतात, आणि बाजारातले बहुतेक बायज्यू त्याहून बरेच सौम्य असते. पेट घेण्याइतके ते कडक नक्कीच असते, म्हणून पेटत्या शेगडीजवळ ते फवारू नये.