विद्युत ठेकेदाराचं लायसन्स: कुणाला मिळतं, कागद कोणते आणि अर्ज कुठे अडतो

पंधरा वर्षं वायरिंगची कामं करणारा वायरमन. इमारतीचे सगळे फ्लॅट त्याने स्वतः ओढले, डीबी (एमसीबी आणि फ्यूजची वितरणपेटी) बसवले, अर्थिंगचे खड्डे स्वतः उभं राहून भरून घेतले. पण नव्या मीटरसाठी महावितरणचा ए-वन फॉर्म भरायची वेळ आली, की सोबतच्या टेस्ट रिपोर्टवर, म्हणजे वायरिंग तपासल्याच्या अहवालावर, शिक्का दुसऱ्याच कुणाचा, लायसन्सवाल्या ठेकेदाराचा. त्या शिक्क्याचे पैसे द्यायचे, वर साहेब म्हणायचं. मीही काही वर्षं हेच केलं. म्हणून महाराष्ट्रात इलेक्ट्रिकल कॉन्ट्रॅक्टरचं लायसन्स काढायचं म्हणजे नेमकं काय करायचं, ते इथे जरा सविस्तर लिहितो.

आधी नियम. १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांतला ४५ वा नियम जुन्या मंडळींना तोंडपाठ असतो. पुढे केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे २०१० चे सुरक्षा विनियम आले, आणि २०२३ मध्ये त्यांचीही जागा नव्या विनियमांनी घेतली. गाभा मात्र तोच राहिला: वायरिंगचं काम राज्य सरकारचं लायसन्स असलेल्या ठेकेदारानेच घ्यायचं, सक्षमता प्रमाणपत्र असलेल्या पर्यवेक्षकाच्या थेट देखरेखीखाली करायचं आणि परमिट असलेल्या माणसाच्या हातून करायचं. यातून सूट आहे ती २५० व्होल्टपर्यंतचे दिवे, पंखे, फ्यूज, स्विच, घरगुती उपकरणं बदलण्यापुरती, तीही मूळ जोडणीची क्षमता किंवा स्वरूप बदलत नसेल तर. बल्ब बदलायला लायसन्स लागत नाही. एसीसाठी नवी लाइन ओढायला लागतं. नियम मोडून केलेल्या कामाला वीजपुरवठा जोडायचाच नाही, असंही तिथे स्पष्ट म्हटलंय. मीटरच्या वेळी शिक्का मागतात तो यामुळे.

नियमाचा वर सांगितलेला गाभा नीट वाचला तर तीन वेगळे कागद दिसतात, आणि बहुतेकांचा गोंधळ इथेच होतो. परमिट वायरमनचं. सर्टिफिकेट सुपरवायझरचं. लायसन्स फर्मचं. पहिले दोन माणसाच्या नावावर असतात, त्याचं शिक्षण, अनुभव किंवा परीक्षा बघून मिळतात आणि तो जिथे जाईल तिथे त्याच्यासोबत जातात. लायसन्स धंद्याला मिळतं. ते मागताना ‘माझा अनुभव इतका’ हे सांगून भागत नाही. ‘माझ्याकडे सर्टिफिकेटवाला सुपरवायझर आणि परमिटवाला वायरमन कामाला आहे’ हे दाखवावं लागतं.

माणसं आधी, अर्ज नंतर

तुमच्याकडे स्वतःकडेच सुपरवायझरचं सर्टिफिकेट असेल तर अर्धी लढाई जिंकलीच. इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा किंवा डिग्री झालेल्याने आधी अनुभवाचे दाखले जोडून ते काढावं आणि मगच ठेकेदारीचं बघावं. आयटीआयमधून वीजतंत्री किंवा तारतंत्री झालेल्याची वाट परमिटवरून पुढे जाते. मधली पायरी गाळायला जाऊ नका.

स्वतःकडे सर्टिफिकेट नसेल तर सुपरवायझर नेमावा लागतो. इथे आपल्या धंद्यातली एक वाईट सवय सांगितली पाहिजे: भाड्याचा सुपरवायझर. कुठल्या तरी ओळखीच्या इंजिनिअरचं सर्टिफिकेट जोडायचं, त्याला वर्षाला काही रक्कम द्यायची आणि त्याने साइटचं तोंडही बघायचं नाही. एक सुपरवायझर एका वेळी एकाच ठेकेदाराकडे दाखवता येतो. त्यामुळे तोच माणूस आधीच दुसऱ्याच्या लायसन्सवर असला तर अर्ज तिथेच परत. समजा निभावलं, तरी शॉक लागून कुणी गेलं तर चौकशीत पहिला प्रश्न ‘देखरेख कुणाची होती’ हाच येतो. त्या दिवशी भाड्याचा सुपरवायझर फोन उचलत नाही.

कागद

सुपरवायझर आणि वायरमनची मूळ प्रमाणपत्रं, त्यांची मुदत चालू असली पाहिजे. दोघांची नेमणूकपत्रं आणि त्यांनी काम स्वीकारल्याची संमतीपत्रं. फोटो, आधार, पॅन. भागीदारी असेल तर भागीदारीचा करारनामा, कंपनी असेल तर नोंदणीचे कागद आणि सह्या कोण करणार त्याचा ठराव. जागेचा पुरावा: स्वतःची असेल तर मालमत्ता कर पावती किंवा वीजबिल, भाड्याची असेल तर नोंदवलेला भाडेकरार. शॉप अॅक्टचा कागद. आपल्यात त्याला अजून गुमास्ता म्हणतात, पण २०१७ च्या कायद्यानंतर दहापेक्षा कमी कामगार असतील तर नोंदणी दाखला नसतो, फक्त सूचना दिल्याची पोच मिळते. तीच जोडायची. ‘दाखला कुठेय’ म्हणून घाबरून एजंट गाठू नका.

माझा पहिला अर्ज परत आला तो एका नावावरून. सुपरवायझरच्या सर्टिफिकेटवर आडनाव, नाव, वडिलांचं नाव. आधारवर नुसतं नाव आणि आडनाव. नेमणूकपत्रावर मी प्रेमाने ‘रावसाहेब’ लावलेलं. तिन्ही एकच माणूस, हे मला माहीत, टेबलापलीकडच्याला नाही. दुसरी चूक अजून मजेशीर होती: नेमणुकीची तारीख त्याच्या सर्टिफिकेटच्या तारखेच्या आधीची. म्हणजे सुपरवायझर व्हायच्या आधीच मी त्याला सुपरवायझर नेमलं होतं! हे सगळं दुरुस्त करण्यात पावसाळा गेला.

मेगर नुसता बिलात नको

उपकरणं स्वतःच्या मालकीची लागतात. इन्शुलेशन टेस्टर म्हणजे तारेच्या आवरणातून वीज गळते का ते मोजणारा आपला मेगर, अर्थ टेस्टर, मल्टिमीटर, टोंग टेस्टर (तारेला चिमट्यासारखा लावून करंट मोजणारा). बिल फर्मच्या नावावर घ्या, मालकाच्या मेव्हण्याच्या नको. बिलावर मेकचं नाव आणि सिरीयल नंबर हवा, आणि कॅलिब्रेशनचा दाखला सोबत. पडताळणीला विद्युत निरीक्षक कार्यालयाचा माणूस येतो तेव्हा उपकरणावरचा नंबर आणि बिलावरचा नंबर जुळवून बघतो.

वापरताही आला पाहिजे. मेन बंद करायचा, बल्ब आणि उपकरणं काढायची, सगळे स्विच चालू ठेवायचे, ५०० व्होल्ट डीसी लावून एक मिनिट थांबायचं. लाइव्ह तार आणि अर्थ यांच्यामध्ये निदान १ मेगाओम दाखवलं पाहिजे. पावसाळ्यात ओल्या गिलाव्याच्या भिंतीत हा काटा खाली बसलेला मी कितीदा पाहिलाय. कंड्युटमध्ये, म्हणजे भिंतीतल्या तारांच्या नळीत, पाणी उतरलेलं असतं, जॉइंटवर टेप नावाला गुंडाळलेली असते. अशा वेळी रिपोर्टवर अंदाजपंचे ‘५ मेगाओम’ लिहायचा मोह होतो. लिहू नका, खाली सही तुमची असते.

अर्ज

लायसन्स देणारं अनुज्ञापक मंडळ मुंबईत आहे. मुख्य विद्युत निरीक्षकांचं कार्यालय चेंबूरच्या प्रशासकीय इमारतीत, पण तिथपर्यंत हेलपाटे घालायची गरज सहसा पडत नाही. अर्ज ऑनलाइन भरायचा, कागद स्कॅन करून चढवायचे, शुल्क सरकारी चलनाने भरायचं. चलनावरचा जीआरएन, म्हणजे सरकारी पावती क्रमांक, लिहून ठेवा, पैसे गेले आणि पावती आली नाही असं झालं तर तोच उपयोगी पडतो. शुल्क किती, हे भरायच्या दिवशी संकेतस्थळावरच बघा. ग्रुपवर फिरणारे आकडे शिळे असतात. जागा आणि उपकरणांची पडताळणी जिल्ह्याच्या विद्युत निरीक्षक कार्यालयाकडून होते. फोन आला तर दुकानात स्वतः हजर राहा आणि सुपरवायझरलाही बोलवा. त्रुटीचं पत्र आलं तर वाद न घालता, विचारलंय तेवढंच आणि मुदतीत द्या.

लायसन्स हातात आलं म्हणजे सगळं आलं असं नाही. सार्वजनिक बांधकाम विभागाची किंवा महापालिकेची कामं घ्यायची तर तिथली ठेकेदार नोंदणी वेगळी. हे लायसन्स तिच्यासाठी लागणारा एक कागद. लिफ्ट बसवणं यात येत नाही, त्याला २०१७ चा वेगळा कायदा आणि वेगळी परवानगी आहे. प्लंबरचं लायसन्स महापालिका देते, त्याचा इथे काही संबंध नाही. आणि १५ मीटरपेक्षा उंच इमारत असेल तर वीज चालू करण्याआधी विद्युत निरीक्षकाला सूचना देऊन त्याची तपासणी करून घ्यावी लागते. नुसता तुमचा टेस्ट रिपोर्ट तिथे पुरत नाही. बिल्डर ताबा द्यायच्या घाईत असला की ही गोष्ट हमखास शेवटच्या आठवड्यात आठवते. म्हणून कोटेशन देतानाच ती वेगळी ओळ म्हणून लिहा.

सीमेपलीकडे काम मिळालं, म्हणजे सावंतवाडीच्या माणसाला पेडण्यात, तर महाराष्ट्राचं लायसन्स आपोआप चालत नाही. लायसन्स राज्य सरकारचं असतं, गोव्यात त्यांच्या सरकारकडे विचारणा करावी लागते.

लायसन्सची मुदत संपायच्या आधीच नूतनीकरणाला लागा, कारण तेव्हाही सुपरवायझर आणि वायरमनचे कागद चालू स्थितीत दाखवावे लागतात आणि त्यांच्या मुदती तुमच्या मुदतीशी कधीच जुळत नाहीत. माझ्या दुकानात भिंतीवरच्या कॅलेंडरवर तिघांच्या तारखा लाल पेनाने लिहिलेल्या असतात. सुपरवायझर सोडून गेला तर मंडळाला लगेच कळवायचं, नवा नेमायचा आणि तोपर्यंत नवं काम धरायचं नाही. दुकानाचा पत्ता बदलला तरी कळवायचं. पत्र जुन्या पत्त्यावर जातं, आणि जुन्या जागेत आता मोबाइल रिपेअरिंगवाला बसलेला असतो.