काजळी नेमकी जन्मते कुठे? अमेरिकेतल्या स्कूलबस, डिझेल आणि प्रोपेन

शाळेच्या प्रयोगशाळेतला बुन्सेन बर्नर आठवतो? खालचं हवेचं भोक उघडं असलं की ज्योत निळी, जेमतेम दिसणारी. कडं फिरवून तेच भोक बंद केलं की ती पिवळी होऊन लवलवायला लागते आणि तिच्यावर धरलेली चिनी मातीची बशी बघता बघता काळी पडते. गॅस तोच, नळी तीच. फरक एवढाच, की एकदा जळण्याआधी गॅसमध्ये हवा मिसळली होती आणि एकदा नव्हती.

हे आठवलं ते अमेरिकेतल्या पिवळ्या स्कूलबसमुळे. तिथे अशा जवळपास पाच लाख बस आहेत, त्यातल्या बहुतेक डिझेलच्या. अनेक स्कूल डिस्ट्रिक्ट, म्हणजे सरकारी शाळा चालवणाऱ्या स्थानिक संस्था, आता प्रोपेनकडे वळत आहेत. प्रोपेन म्हणजे आपल्या स्वयंपाकाच्या गॅसमधलाच एक वायू. २०२१ च्या पायाभूत सुविधा कायद्याने स्कूलबस बदलण्यासाठी पाच वर्षांत ५ अब्ज डॉलर ठेवले. त्यातली निम्मी रक्कम फक्त शून्य उत्सर्जनाच्या बससाठी होती, उरलेल्या निम्म्यात प्रोपेनलाही जागा होती. या विषयावरच्या लेखनात एक वाक्य हमखास भेटतं : डिझेल घाणेरडं इंधन, प्रोपेन स्वच्छ इंधन. मला ते अपुरं वाटतं. हवा न मिसळता पेटवलं तर प्रोपेनसुद्धा भरपूर काजळी देतं. खरी गोम जळण्याच्या पद्धतीत आहे.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. दट्ट्या नुसती हवा दाबतो, तिचं आकारमान सोळा-सतरा पटींनी कमी करतो, आणि ती ५०० अंश सेल्सियसच्याही पुढे तापते. डिझेल सुमारे २१० अंशांनाच आपोआप पेट घेतं. तापलेल्या हवेत बारीक भोकांतून, वातावरणाच्या हजार-दोन हजार पट दाबाने, ते फवारलं जातं आणि मिलिसेकंदभरात पेटतं. नीट मिसळायला वेळच मिळत नाही. त्यामुळे फवाऱ्याच्या पोटात इंधनच इंधन, बाहेर हवा आणि सीमेवर ज्योत, अशी रचना होते.

त्या पोटात काय चालतं ते बघण्यासारखं आहे. उष्णता प्रचंड, पण ऑक्सिजन पुरेसा नाही. डिझेलच्या लांबलचक रेणूंचे तुकडे होतात आणि त्यांतून ॲसिटिलीनसारखे छोटे रेणू बनतात. हे तुकडे एकमेकांना जुळून सहा कार्बनचं कडं तयार होतं. कड्याला कडं चिकटत जातं आणि मधमाश्यांच्या पोळ्यासारखे सपाट पापुद्रे बनतात. पापुद्रे एकमेकांवर बसून वीस-तीस नॅनोमीटरचे गोळे होतात, गोळ्यांच्या माळा होतात. ही काजळी. पिवळ्या ज्योतीचा पिवळेपणा म्हणजे हेच तापून उजळलेले कण. बरेचसे कण सीमेवरच्या ज्योतीतून जाताना जळून जातात. ज्यांना तेवढा वेळ मिळत नाही, ते धुराड्यातून बाहेर पडतात.

सीमेवर उलटी अडचण आहे. तिथे ऑक्सिजन मुबलक आणि तापमान २००० अंशांच्या आसपास. एवढ्या उष्णतेत हवेतला, एरवी कुणाच्या अध्यातमध्यात नसणारा नायट्रोजनही फुटतो आणि त्याची ऑक्साइडं बनतात. ज्योत थंड ठेवावी तर काजळी वाढते, गरम ठेवावी तर ही ऑक्साइडं वाढतात. म्हणून नव्या डिझेल बसमध्ये निस्तरण्याचं काम इंजिनानंतर होतं : काजळीसाठी गाळणी, ऑक्साइडांसाठी युरियाचं द्रावण आणि उत्प्रेरक. पण हा उत्प्रेरक साधारण २०० अंशांखाली नीट काम करत नाही. स्कूलबस तर दर थोड्या अंतरावर थांबते, दार उघडते, जागेवर घुरघुरत राहते. तेवढ्यात धुराडं थंडावतं.

प्रोपेन वातावरणाच्या दाबाला उणे ४२ अंशांवरच उकळतं. त्यामुळे सिलिंडरमध्ये पेटायच्या आधीच त्याची वाफ हवेत मिसळून गेलेली असते. मग ठिणगी पडते. हा भोक उघडं असलेला बर्नर. आणि इथे मला सगळ्यात आवडणारी गोष्ट येते. एक ग्रॅम प्रोपेनला पूर्ण जळायला सुमारे १५.७ ग्रॅम हवा लागते. हे प्रमाण अचूक राखलं, की धुराड्यातला एकच उत्प्रेरक नायट्रोजनच्या ऑक्साइडांकडून ऑक्सिजन काढून घेतो आणि तोच कार्बन मोनॉक्साइडला देतो. एका विषाने दुसरं विष उतरवायचं! डिझेलच्या धुरात ऑक्सिजन नेहमीच शिल्लक असतो, म्हणून तिथे हा सौदा जमत नाही. काही प्रोपेन इंजिनं नायट्रोजनच्या ऑक्साइडांसाठीची ०.०२ ग्रॅम प्रति अश्वशक्ती-तास ही कॅलिफोर्नियाची ऐच्छिक मर्यादा पाळतात. २०१० ची देशव्यापी मर्यादा ०.२ होती.



'प्रोपेनची टाकी म्हणजे बॉम्ब' ही भीतीही तपासून घ्यायला हवी. टाकी ८० टक्केच भरतात, म्हणजे द्रव प्रसरण पावायला जागा राहते. हवेत प्रोपेन २.१ ते ९.५ टक्के असेल तरच ते पेटतं, आणि आपोआप पेटायला त्याला ४५० अंशांहून जास्त तापमान लागतं. धोका आहे तो वेगळा : ही वाफ हवेच्या दीडपट जड असते, खाली साचते, म्हणून दुरुस्तीच्या खड्ड्यांमध्ये हवा खेळती हवी. गळती कळावी म्हणून त्यात उग्र वासाचं मर्कॅप्टन घालतात. टेक्सासमधल्या न्यू लंडनच्या शाळेत १९३७ मध्ये बिनवासाच्या नैसर्गिक वायूचा स्फोट होऊन सुमारे तीनशे जण, बहुतेक मुलंच, दगावली. गॅसला वास देण्याची सक्ती त्यानंतर आली.

आता प्रोपेनच्या बाजूने केला जाणारा दुसरा दावा, हवामानाचा. एक गॅलन डिझेल जळून १०.२ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो, प्रोपेनमधून ५.७ किलो. पण प्रोपेनच्या गॅलनमध्ये ऊर्जा दोन-तृतीयांशच असते आणि ठिणगीचं इंजिन तिच्यातून कामही कमी काढतं. तेवढ्याच मैलांसाठी दीड गॅलनहून जास्त प्रोपेन लागतं, आणि फायदा बहुतेक तिथेच संपतो. शिवाय ते येतं नैसर्गिक वायू आणि कच्च्या तेलातूनच. हवामानासाठी प्रोपेन हे उत्तर नव्हे, असंच माझं मत आहे.

फायदा आहे तो मुलांच्या फुप्फुसांचा. डिझेलचा धूर कर्करोगकारक असल्याचं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्ये जाहीर केलं, आणि वजनाच्या मानाने मूल मोठ्या माणसापेक्षा जास्त हवा आत घेतं. शाळा सुटते तेव्हा बस एकीला एक खेटून रांगेत उभ्या असतात. मुलं चढतात ते दार पुढच्या टोकाला, धुराडं मागच्या टोकाला. म्हणजे मागच्या बसचं दार बरोबर पुढच्या बसच्या धुराड्याशेजारी येतं.