लिनक्सची सेटिंग्ज आणि परतीची वाट

लिनक्स ही कार्यप्रणाली (ऑपरेटिंग सिस्टिम) बसवलेल्या संगणकाला दुसरी हार्ड डिस्क जोडली आणि संगणक सुरू होताना ती आपोआप उघडावी असे वाटले, की नव्या वापरकर्त्याला बहुतेक ठिकाणी एकच सल्ला मिळतो : ‘एफएसटॅब’ नावाच्या फाइलमध्ये एक ओळ घाला. या ओळीत सहा रकाने असतात. डिस्कचा कोणता भाग, तो कोणत्या फोल्डरवर जोडायचा, त्याची फाइल सिस्टिम (डिस्कवर फाइली मांडण्याची पद्धत) कोणती, जोडताना कोणते पर्याय लावायचे आणि शेवटी दोन आकडे, ज्यांचा अर्थ सल्ला देणारे सहसा सांगत नाहीत. ओळ जशीच्या तशी उतरवली जाते, काम होते आणि ती ओळ विसरली जाते. पुढे केव्हातरी ती डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला लावली जाते, आणि पहिला संगणक सुरू होईनासा होतो. यंत्रणा गायब झालेल्या डिस्कची दीड मिनिट वाट पाहते आणि मग नेहमीच्या डेस्कटॉपऐवजी काळ्या पडद्यावर ‘इमर्जन्सी मोड’ची सूचना देऊन थांबते.

या प्रसंगात वापरकर्त्याची चूक नेमकी कोणती? ओळ लिहिली तेव्हा ती बरोबर होती. चौथ्या रकान्यात ‘नोफेल’ हा एक शब्द असता, तर डिस्क नसतानाही संगणक विनातक्रार सुरू झाला असता. पण तो शब्द नसेल तर ती डिस्क अत्यावश्यक आहे असे यंत्रणा गृहीत धरते. हे गृहीतक निराधार नाही. ज्या सर्व्हरचा सारा डेटाबेस त्या डिस्कवर आहे, त्याने डिस्कवाचून अर्धवट सुरू होण्यापेक्षा थांबलेले बरे. एफएसटॅबची रीत लिनक्सची पूर्वज असलेल्या युनिक्सच्या त्या काळातली आहे, जेव्हा डिस्का यंत्रात कायमच्या बसवलेल्या असत आणि यंत्र सांभाळायला प्रशिक्षित प्रशासक असे. घरच्या संगणकावर दोन्ही गोष्टी खऱ्या नाहीत, तरी डीफॉल्ट, म्हणजे वापरकर्त्याने काही न सांगितल्यास धरला जाणारा पर्याय, मात्र तोच राहिला आहे.

लिनक्स नव्या लोकांसाठी सोपे करायचे म्हणजे मजकुराच्या फाइली लपवायच्या आणि त्यांच्या जागी बटणांच्या खिडक्या द्यायच्या, असा समज फार रूढ आहे. मला तो पटत नाही. मजकुराची फाइल जपून ठेवता येते, जुन्या प्रतीशी ताडून पाहता येते, तिच्यात टिपा लिहिता येतात आणि अडल्यास दुसऱ्याला पाठवून ‘यात काय चुकले ते बघ’ असे सांगता येते. खिडकीतल्या वीस खुणांच्या बाबतीत यांपैकी काहीच सहज होत नाही. नव्या माणसाला अडवते ती मजकुराची फाइल नव्हे. आपण केलेला बदल चुकला तर ते कळणार कसे आणि पूर्वस्थितीला परत यायचे कसे, हे ठाऊक नसणे त्याला अडवते. कोणत्याही सुधारणेची पारख मी याच प्रश्नावर करतो.

खिडक्यांचा प्रयोग लिनक्सच्या जगात लवकरच झाला. १९९०च्या दशकात रेड हॅट या वितरणात (म्हणजे लिनक्सच्या एका तयार संचात) ‘लिनक्सकॉन्फ’ होते, सुसे या दुसऱ्या वितरणात ‘यास्ट’ होते. एकाच ठिकाणाहून नेटवर्क, प्रिंटर, वापरकर्ते असे सगळे सांभाळण्याची सोय चांगलीच होती. पण एकाच फाइलला दोन मालक झाले की काय होते, तेही या साधनांमुळे दिसून आले. साधन फाइल वाचते, तिचा आपल्या समजुतीप्रमाणे अर्थ लावते आणि बदल करून पुन्हा लिहिते. मधल्या काळात कोणी हाताने घातलेली ओळ किंवा टीप साधनाला समजली नाही, तर एक तर ती पुसली जाते किंवा साधन त्या फाइलला हात लावायचे नाकारते. ‘ऑगियस’ नावाच्या प्रकल्पाने यावर जे उत्तर शोधले ते मला फार मोलाचे वाटते. निरनिराळ्या धाटणीच्या फाइलींचे एका वृक्षरचनेत रूपांतर करायचे, बदल वृक्षात करायचा आणि तो मूळ फाइलीत परत नेताना टिपा, रिकाम्या जागा, ओळींचा क्रम यांना धक्का लावायचा नाही, अशी ही रीत आहे. तिच्यामागे दुतर्फा रूपांतराचा गणिती अभ्यास आहे, आणि हाताने लिहिणारा व खिडकीतून बदलणारा असे दोघेही एकाच फाइलवर सुखाने नांदू शकतात हे त्यातून सिद्ध झाले.

सर्वांत मोठी सुधारणा मात्र प्रश्नच न विचारण्यातून आली. पडद्याचे उदाहरण पाहावे. १९९०च्या दशकात लिनक्सवर चित्रमय पडदा मिळवायचा तर मॉनिटरची आडवी आणि उभी वारंवारता किती ते मॉनिटरच्या पुस्तिकेत शोधून फाइलीत लिहावे लागे. त्याहून बारीक नियंत्रण हवे असेल तर ‘मोडलाइन’ नावाची आकड्यांची एक लांबलचक ओळ तयार करावी लागे. चुकीच्या आकड्यांनी मॉनिटरला इजा होऊ शकते, असा इशारा कागदपत्रांत असे, आणि त्या काळच्या काचेच्या मॉनिटरांच्या बाबतीत तो पोकळ नव्हता. हा सगळा व्याप कोणा सुंदर खिडकीने संपवला नाही. मॉनिटर स्वतःच आपली माहिती संगणकाला देऊ लागला. ‘ईडीआयडी’ या मानकानुसार प्रत्येक मॉनिटरमध्ये निदान १२८ बाइटांची एक नोंद असते, आणि आपला निर्माता कोण, आपण कोणत्या आकाराची चित्रे दाखवू शकतो, हे तीत लिहिलेले असते. केबल जोडताच संगणक ती वाचतो. पडद्यावर चित्र उमटवणारा एक्स सर्व्हर हा प्रोग्राम हळूहळू फाइलीशिवाय सुरू व्हायला शिकला, आणि २००९ मध्ये लिनक्सचा गाभा असलेल्या कर्नलच्या २.६.२९ या आवृत्तीपासून पडद्याची मांडणी ठरवण्याचे काम कर्नलनेच हाती घ्यायला सुरुवात केली. आज नवा वापरकर्ता प्रोजेक्टर लावतो आणि चित्र दिसते; पूर्वी येथे एक आख्खी फाइल लिहावी लागे हे त्याला माहीतही नसते. क्लाउस क्नॉपर यांच्या ‘नॉपिक्स’ने २००० मध्ये हीच दृष्टी साऱ्या हार्डवेअरला लावली होती. सीडी घालायची, आणि ध्वनी, नेटवर्क, पडदा या सर्वांचा शोध यंत्राने स्वतः घ्यायचा.

जे यंत्राला स्वतः कळू शकत नाही ते तरी सगळे विचारले पाहिजे का? २०१५ मध्ये सॅन डिएगो येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातील संशोधकांनी अपाची, मायएसक्यूएल यांसारख्या मोठ्या सर्व्हर प्रणालींमधील सेटिंग्जचा प्रत्यक्ष वापर तपासला. बहुसंख्य वापरकर्ते ज्यांना हात लावतात अशा सेटिंग्जचे प्रमाण प्रणालीनुसार जेमतेम ६ ते १७ टक्के निघाले, आणि काही ठिकाणी निम्म्याहून अधिक सेटिंग्ज क्वचितच कोणी बदलत होते. प्रत्येक जादा पर्याय कोणाच्या तरी मागणीवरून आलेला असतो, परंतु त्याचा भार नव्याने येणाऱ्या प्रत्येकावर पडतो. डेबियन या वितरणात प्रोग्राम बसवताना प्रश्न विचारणाऱ्या ‘डेबकॉन्फ’ने यातून एक व्यवहारी मार्ग काढला : प्रत्येक प्रश्नाला ‘लो’, ‘मीडियम’, ‘हाय’ आणि ‘क्रिटिकल’ यांपैकी एक दर्जा द्यायचा आणि सामान्य वापरकर्त्याला वरच्या दोन दर्जांचेच प्रश्न विचारायचे. बाकीचे पर्याय नाहीसे होत नाहीत; ज्याला हवेत तो दर्जा खाली आणून ते पाहू शकतो.

मराठीत टाइप करण्याची सोय याच वाटेने सुधारली, आणि तिथेच एक उणीवही राहून गेली. पूर्वी मराठी कीबोर्ड सुरू करण्यासाठी इनपुट पद्धत बसवून, तीन पर्यावरण चले (प्रोग्रामांना वाचता येणाऱ्या नाव-मूल्याच्या जोड्या) एका फाइलीत लिहून, लॉगआउट करून पुन्हा आत यावे लागे. एक चल चुकले तर एका प्रोग्राममध्ये मराठी उमटे आणि दुसऱ्यात नाही. २०१२ मध्ये ग्नोम या डेस्कटॉपच्या ३.६ आवृत्तीत ‘आयबस’ ही टाइप करण्याची यंत्रणा डेस्कटॉपमध्येच सामावली गेली, आणि आता सेटिंग्जमधील कीबोर्डच्या पानावर जाऊन मराठी निवडले की इनस्क्रिप्ट ही कळांची मांडणी चालू होते. पण ज्याला उच्चाराप्रमाणे रोमन कळांनी मराठी लिहायचे आहे, त्याला तो पर्याय यादीत कित्येकदा सापडत नाही, कारण त्यासाठी लागणारे ‘एम१७एन’चे पॅकेज (बसवण्याजोगा संच) काही वितरणांत आधीपासून बसवलेले नसते आणि यादीत फक्त बसवलेल्या गोष्टीच दिसतात. अमुक पॅकेज बसवा म्हणजे हा पर्याय मिळेल, एवढे एक वाक्य त्या खिडकीत असायला हवे. नसलेली गोष्ट शोधायची कशी, हे नव्या माणसाला कोणीच सांगत नाही.

आता परतीच्या वाटेकडे वळू. डेबियन किंवा उबंटू अद्ययावत करताना मध्येच काम थांबते आणि एक प्रश्न पडद्यावर येतो : अमुक कॉन्फिगरेशन (सेटिंग्जची) फाइल तुम्ही किंवा एखाद्या स्क्रिप्टने बदललेली आहे, आणि पॅकेजबरोबर तिची नवी आवृत्ती आली आहे, काय करायचे? ‘वाय’ दाबल्यास नवी आवृत्ती येते, ‘एन’ दाबल्यास जुनी राहते, ‘डी’ने दोन्हींतला फरक दिसतो. प्रश्न प्रामाणिक आहे. बदल दोन्ही बाजूंनी झाला असेल तेव्हाच तो विचारला जातो, आणि नुसते एंटर दाबले तर आपली फाइल सुरक्षित राहते. तरीही नव्या वापरकर्त्याला तो भांबावून टाकतो, कारण ही फाइल आपण कधी उघडल्याचे त्याला आठवतही नसते. कुठल्याशा मार्गदर्शक लेखातली आज्ञा चिकटवताना ती बदललेली असते. मुळात हा पेच उद्भवतो तो निर्मात्याचे म्हणणे आणि वापरकर्त्याचे म्हणणे एकाच फाइलीत मिसळल्यामुळे.

अलीकडच्या यंत्रणांनी ही दोन म्हणणी वेगळी केली. सिस्टिमडी या सेवा सांभाळणाऱ्या यंत्रणेमध्ये निर्मात्याच्या फाइली ‘यूएसआर’ या शाखेत राहतात आणि वापरकर्त्याचे बदल ‘ईटीसी’मध्ये. ‘सिस्टिमसीटीएल एडिट’ ही आज्ञा दिली की मूळ फाइलीला स्पर्श न करता फक्त बदललेल्या ओळींची एक छोटी फाइल तयार होते. छापील पुस्तकाला शुद्धिपत्र जोडावे तशी. शुद्धिपत्र काढून टाकले की मूळ मजकूर जसाच्या तसा समोर येतो, आणि अद्ययावत करताना नवी मूळ फाइल निर्धास्तपणे बदलता येते. याची किंमतही आहे. एकाच सेवेचे वर्तन आता चार तुकड्यांत विखुरलेले असू शकते, आणि कोणता तुकडा अखेरीस प्रभावी ठरला ते सहज दिसत नाही. ‘सिस्टिमसीटीएल कॅट’ सर्व तुकडे त्यांच्या पत्त्यांसह एकाखाली एक दाखवते. ही आज्ञा नवशिक्यांच्या प्रत्येक मार्गदर्शिकेत पहिल्या पानावर असावी असे माझे मत आहे.

चूक वेळीच सांगणे हीदेखील परतीचीच वाट. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात कॉन्फिगरेशनच्या चुकांमुळे प्रत्यक्षात उद्भवलेल्या ५४६ अडचणी तपासल्या गेल्या. त्यांत सेंटओएस या लिनक्स वितरणातील अडचणीही होत्या. चूक नेमकी कोठे आहे हे स्पष्ट सांगणारा संदेश मिळाला अशी उदाहरणे कोणत्याही प्रणालीत १६ टक्क्यांपर्यंतही पोचली नाहीत. उरलेल्या वेळी माणूस अंधारात चाचपडत राहिला. याउलट ‘व्हीआयसूडू’ ही जुनी आज्ञा पाहा : प्रशासकीय अधिकारांची फाइल ती थेट जतन करत नाही, आधी तिचे व्याकरण तपासते आणि चूक असेल तर ओळ क्रमांक सांगून पुन्हा संधी देते. एफएसटॅबसाठीही ‘फाइंडएमएनटी’ला ‘व्हेरिफाय’ हा पर्याय आहे. तो संगणक पुन्हा सुरू करण्याआधीच फाइलीतील दोष दाखवतो, पण एफएसटॅबमध्ये ओळ घालायला सांगणाऱ्या सल्ल्यांत त्याचा उल्लेख अभावानेच आढळतो. ग्नोमच्या ‘जीसेटिंग्ज’मध्ये तपासणी मुळातच बांधलेली आहे. प्रत्येक सेटिंगचा प्रकार, मर्यादा, डीफॉल्ट आणि वर्णन आधी जाहीर करावे लागते. अक्षरांच्या आकाराचा गुणक ०.५ ते ३ यांच्या बाहेर देऊ गेल्यास तो स्वीकारलाच जात नाही, आणि ‘रीसेट’ म्हटले की डीफॉल्ट परत येते.

काही बदल व्याकरणाने शुद्ध असूनही घातक ठरतात, कारण ते परतीचे साधनच हिरावून घेतात. पडद्याचा आकार असा निवडला गेला की काहीच दिसत नाही, तर ‘रद्द करा’चे बटण दाबायचे कसे? म्हणून ग्नोम नवा आकार लावून विचारते, आणि वीस सेकंदांत होकार मिळाला नाही तर पूर्वीचा आकार आणते. उबंटूतील ‘नेटप्लॅन ट्राय’ नेटवर्कच्या बाबतीत तेच १२० सेकंदांच्या मुदतीने करते. दूरच्या यंत्रावर काम करताना जोडणीच तुटली तर होकार पोचत नाही, आणि नेमके त्यामुळेच यंत्र वाचते. गप्प राहण्याचा अर्थ ‘नको’ असा घेण्याची ही रीत मला या क्षेत्रातील अत्यंत सुज्ञ कल्पनांपैकी एक वाटते, आणि ती इतक्या थोड्या ठिकाणी वापरली जाते याची खंतही वाटते.

ओपनसुसेने आणखी पुढे जाऊन संपूर्ण यंत्रणेलाच मागे येण्याची सोय केली. बीटीआरएफएस फाइल सिस्टिमवर पॅकेजांत बदल करण्याआधी आणि केल्यानंतर ‘स्नॅपर’ आपोआप स्थितीची नोंद घेतो, आणि बिघाड झाल्यास संगणक सुरू होतानाच्या मेनूतून जुनी स्थिती निवडता येते. निक्सओएस या वितरणात साऱ्या यंत्रणेचे वर्णन मजकुरातच केलेले असते आणि प्रत्येक बदलाची एक नवी पिढी तयार होते. मागची पिढी मेनूत तशीच राहते. निक्सओएसची भाषा मात्र नवख्यासाठी कठीण आहे, त्यामुळे ती शिफारस मी सरसकट करणार नाही.

इतके असूनही एका साध्या प्रश्नाचे उत्तर मिळवणे अजून अवघड आहे : या संगणकावर मी आजवर काय काय बदलले? केडीईच्या प्लाझ्मा या डेस्कटॉपच्या ५.२० आवृत्तीत, २०२० साली, सेटिंग्जच्या खिडकीत डीफॉल्टहून वेगळी असलेली सेटिंग्ज ठळक करून दाखवणारे एक बटण आले. दुसऱ्या कोणाचा संगणक दुरुस्त करायला बसल्यावर ते किती उपयोगी पडते, हे एकदा वापरून पाहिल्यावरच कळते. मात्र ते केडीईच्या स्वतःच्या सेटिंग्जपुरतेच आहे. ईटीसीमधील फाइली त्याच्या कक्षेत येत नाहीत. त्यांच्यासाठी डेबियनमध्ये ‘डेबसम्स’ आहे, फेडोरात ‘आरपीएम’ची पडताळणी आहे, सिस्टिमडीसाठी ‘सिस्टिमडी-डेल्टा’ आहे. कोणती फाइल मूळ प्रतीहून वेगळी आहे, हे या तिन्ही आज्ञा आपापल्या परीने आजही सांगू शकतात. त्यांची उत्तरे एकत्र करून केडीईतल्यासारख्याच एका पानावर मांडायची, आणि प्रत्येक नोंदीपुढे ‘मूळ प्रत आणा’ हे बटण ठेवायचे, एवढे काम उरले आहे. त्यासाठी नव्या संशोधनाची गरज नाही. कोणत्याही मोठ्या वितरणाने ते पुढच्या आवृत्तीच्या यादीत घ्यावे.