हिसका दिला, हलला नाही, म्हणजे भूकंपातही टिकणार?

चिपळुणात गच्चीवर टाकीचा स्टँड बसवताना मिस्त्रींनी काँक्रीटमध्ये रोवलेल्या अँकर बोल्टला पहारीने हिसका दिला. ‘हलत नाय, भूकंपातपण हलायचा नाय!’ समज जुनाच. पण तो हिसका अखंड काँक्रीटमधला. भूकंपात काँक्रीट तडकतं, आणि तडा बऱ्याचदा बोल्टच्या भोकातूनच जातो. कमजोर जागा तीच ना. तडा उघडतो, मिटतो, दर खेपेला पकड ढिली होते. म्हणून प्रयोगशाळेत काँक्रीट आधी मुद्दाम तडकवतात, मग बोल्टवर आळीपाळीने ताण देतात-सोडतात. युरोपातल्या कडक चाचणीत, म्हणजे सी-२ मध्ये, तडा ०.८ मिलिमीटरपर्यंत उघडतात. साधारण एटीएम कार्डाची जाडी! साध्या एक्स्पान्शन बोल्टची, म्हणजे भोकात फुगून घट्ट बसणाऱ्या बोल्टची, पकड तेवढ्यानेही जाऊ शकते. आणि १९६७ ला भूकंपाने हादरलेलं कोयनानगर चिपळूणपासून लांब आहे का? कुंभार्ली घाट चढला की आलंच.