बेवारस मृतदेहांची ओळख आणि संमतीचा वाद

सोलापूर मुंबई-चेन्नई लोहमार्गावर आहे, शिवाय जिल्ह्यात पंढरपूर. रुळांवर किंवा चंद्रभागेत अनोळखी मृतदेह सापडला की अकस्मात मृत्यूची नोंद आणि पंचनामा होतो. गोंदण आणि सदऱ्याच्या कॉलरवरचं शिंप्याचं लेबल टिपून घेतात. नेहमीची डीएनए चाचणी मात्र अडून बसते. तिला जुळवणीसाठी आई-बाप किंवा लेकरू समोर लागतं.

ही अट २०१८ मध्ये अमेरिकेत सैल झाली. ओहायोत १९८१ साली सापडलेल्या तरुणीला ३७ वर्षांनी नाव मिळालं, आणि त्याच एप्रिलमध्ये कॅलिफोर्नियात अनेक दशकं न सापडलेला मारेकरी पकडला गेला. नेहमीच्या चाचणीतल्या वीसेक खुणांऐवजी डीएनएवरची लाखो ठिकाणं तपासली, वंशावळीच्या हौशी मंडळींनी जेडमॅच या संकेतस्थळावर खुल्या ठेवलेल्या माहितीशी ताडली, आणि चुलत चुलत नात्यातून कूळ शोधलं.

खरा तिढा २०१९ चा. त्या हौशी संकेतस्थळाने पोलिसांना फक्त खून आणि लैंगिक अत्याचारापुरती मुभा दिली होती. युटामधल्या चर्चमध्ये एका वृद्धेवर हल्ला झाला, तेव्हा चालकांनी नियम बाजूला ठेवला. टीका झाली आणि मे महिन्यात, स्वतःहून होकार दिल्याशिवाय कुणाचीही माहिती पोलिसांना दिसणार नाही असं ठरलं. दहा लाखांहून अधिक लोकांची माहिती एका दिवसात शोधाबाहेर गेली. गुन्हेगाराच्या शोधासाठी संमती मागणं रास्तच होतं. पण या निर्णयात बेवारस मृतही भरडले गेले. ज्याचा शोध घ्यायचा तोच मेलेला, त्याला कुणी तुरुंगात टाकणार नव्हतं. ही चूक २०२१ च्या सुरुवातीला दुरुस्त झाली: पोलिसांना नकार देणाऱ्यांची माहितीही अनोळखी मृतांच्या ओळखीसाठी वापरता येऊ लागली.

आपल्याकडे अडचण वेगळी. सोलापूरच्या तेलुगू विणकर कुटुंबांत, आणि इतर अनेक समाजांतही, मामाच्या मुलीशी लग्न रूढ आहे. पिढ्यान्‌पिढ्या सोयरिकी त्याच घरांत झाल्या की डीएनएचे समान तुकडे वाढतात, आणि दूरचा नातेवाईक सख्ख्या चुलत भावाइतका जवळचा भासू शकतो. नातं उलगडायला मग कागद लागतो. हेळव्यांच्या, म्हणजे घराण्यांच्या वंशावळी सांगणाऱ्या समाजाच्या, वह्यांत पिढ्यांच्या नोंदी आहेत, पण तपासासाठी त्या कुणी उघडत नाही.

कायद्याचं म्हणाल, तर २०१९ च्या डीएनए विधेयकात बेपत्ता व्यक्ती आणि अनोळखी मृत यांच्यासाठी स्वतंत्र सूची होती. खासगीपणावरून वाद झाला आणि २०२३ मध्ये विधेयक मागे घेतलं गेलं. दरम्यान २०२२ च्या कायद्याने अटकेतल्या आणि दोषी ठरलेल्यांचे जैविक नमुने घेण्याची तरतूद केली. हरवलेल्या माणसाच्या घरच्यांसाठीची सूची मात्र त्या विधेयकाबरोबरच गेली.